वीणेची मींड व महाराष्ट्राचा गळा

कलेच्या प्रांतात ज्ञान दोन प्रकारचे असते. एक सांगून समजते. दुसरे केवळ दाखविता येते, आणि तेही ज्याचा कान तयार झाला आहे अशालाच. रागाचे आरोहावरोह, वादी-संवादी, गायनाचा समय ही पहिल्या प्रकारची माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. परंतु स्वराचा कस आणि त्याच्यावर खुलणारे अलंकार, म्हणजे मींड, गमक, कण, आंदोलन, ही दुसऱ्या प्रकारची विद्या होय. तिला आपले लोक ‘गुरुमुखी’ म्हणतात. हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो की, त्याच्या पोटी एक इतिहास आहे, हे बहुधा आपल्या ध्यानात येत नाही. तो इतिहास तंतुवाद्यांपुरता, आणि त्यातही मुख्यत्वे महाराष्ट्रापुरता, येथे थोडक्यात पाहण्याचा विचार आहे.

ह्या लेखास निमित्त झाले ते असे. आम्ही मूळचे नांदेडचे. नोकरीमुळे लातूरकर झालो. गेल्या वर्षी आमचा एक विद्यार्थी गिटार घेऊन आमच्या घरी आला. मुलगा कंधार तालुक्यातील शेतकरी कुटुंबातला. शिकवणीला जाण्याची ऐपत नाही, म्हणून मोबाइलच्या पडद्यावर दूरदेशीच्या वादकांचे धडे पाहून त्याने हात बसविलेला. हात खरोखरच चांगला बसला होता. दोन-तीन चिजा त्याने सफाईने वाजविल्या आणि मग खाली मान घालून म्हणाला, “सर, बोटे सगळी जागच्या जागी पडतात. पण त्यांचा येतो तसा आवाज माझा येत नाही. तो कुठे असतो?”

आम्ही ऐन तारुण्यात नांदेडास दोन वर्षे सतार शिकलो होतो, हे त्याला कोणी तरी सांगितले असावे. आमचे मास्तर मोठे नामांकित नव्हते. एका जुन्या वाड्याच्या माडीवर ते शिकवीत. पहिले तीन महिने त्यांनी आम्हांस एका ‘दा’ ह्या बोलाखेरीज काही दिले नाही. नखी तारेवर पडावी, तार झंकारावी, आणि झंकार पुरता विरेपर्यंत आम्ही ऐकत बसावे, एवढाच धडा. पुढे एम. ए. च्या परीक्षेचे निमित्त करून आम्ही शिकणे सोडले. मास्तरांनी एकदा निरोप पाठविला होता. आम्ही गेलो नाही. दोष सर्वस्वी आमचा. आज मास्तर हयात नाहीत. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नास उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस होता असे नव्हे. परंतु प्रश्न मनातून जाईना, हेही खरे.

प्रथम हे ‘कुठे असतो’ म्हणजे काय ते पाहू. तंतुवाद्यावरचा स्वर हा गळ्यातील स्वरासारखा श्वासावर चालत नाही. तार छेडली की स्वर जन्मतो आणि त्याच क्षणापासून मरू लागतो. ह्या मरणाऱ्या स्वराचे आयुष्य वाढविणे व त्या आयुष्यात त्याला कोठून कोठे न्यावयाचे हे ठरविणे, ही तंतकाराची सारी कला आहे. सतारीचे पडदे कमानदार असतात आणि तारेला बाजूस खेचण्यास जागा असते. म्हणून एकाच पडद्यावर एकाच आघातात चार-पाच स्वरांपर्यंत मजल मारता येते. हीच मींड. पडद्यावरून बोट घाशीत नेले तर ती घसीट. डाव्या हाताच्या बोटाने तार झटकून वरच्या स्वरावरून खालचा काढला तर ते कृंतन. मुख्य स्वराला शेजारच्या स्वराचा नुसता स्पर्श झाला तर तो कण. ही नावे चार ओळींत सांगून झाली. परंतु मींड षड्जावरून गांधारापर्यंत जाताना वाटेत ऋषभाशी किती रेंगाळावी, आणि गांधाराला पोहोचल्यावर तो तेथे स्थिर उभा राहावा की किंचित हलावा, हे नावात नाही. तेथेच भीमपलासीचा गांधार वेगळा व दरबारीचा वेगळा होतो. म्हणजे ज्याला आपण अलंकार म्हणतो तो स्वराला वरून घातलेला दागिना नसून स्वराची चालच होय.

गिटारीचे पडदे सपाट व पक्के बसविलेले. तार खेचली तर स्वर फार तर एक-दीड स्वर चढतो. पाश्चात्य अभिजात गिटारीत म्हणून डाव्या हाताने तार ठोकून वा झटकून काढलेले जोडस्वर, थोडी घसीट आणि बोटाचा कंप एवढ्यांवरच भागवावे लागते. तरीही त्या मुलाचा प्रश्न तिकडच्या श्रेष्ठ वादकांनाही चुकला नाही. सन १८३० च्या सुमारास पॅरिसमध्ये फर्नांदो सोर आणि दिओनिसिओ आग्वादो हे दोघे स्पॅनिश गिटारवादक जिवलग मित्र म्हणून राहत होते. सोर तार छेडी ती बोटाच्या मांसल अग्राने, आग्वादो नखाने. एकाचा स्वर भरीव व मृदू, दुसऱ्याचा लखलखीत. दोघांनी मिळून वाजविण्यासाठी सोरने एक रचना केली आणि तिला ‘दोन मित्र’ हेच नाव दिले. पुढे आग्वादोने आपल्या ग्रंथात मोकळेपणाने लिहिले की, सोरचे वादन ऐकल्यापासून आपण अंगठ्याचे नख वापरणे सोडले. वादविवादाने नव्हे, ऐकण्याने हा पालट झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यानंतर फ्रांसिस्को तारेगाने उतारवयात आपली नखे कापून टाकली, त्याचा शिष्य एमिलिओ पुजोल ह्याने ह्याच एका प्रश्नावर पुस्तक लिहिले, आणि आंद्रेस सेगोव्हियाने नख व मांस ह्या दोहोंचा मेळ घातला. शंभर वर्षे चाललेला हा वाद केवळ बोटाच्या टोकाविषयीचा होता. तारेवरचा स्वर किती नाजूक जागी राहतो, ह्याची कल्पना ह्यावरून यावी.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानी तंतुवाद्यांत मानाचे पान बीनेचे, म्हणजे रुद्रवीणेचे. लांब दांडी, तिच्या दोन्ही अंगांस दोन मोठे भोपळे, दांडीवर मेणाने बसविलेले उंच पडदे. तिचा आवाज धीमा व खोल. धृपदाच्या आलापात जी गंभीर मींड व गमक लागते तिचे हे माहेर. एकोणिसाव्या शतकात ह्या वाद्याचा सर्वश्रेष्ठ वादक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते बंदे अली खाँ. किराना गावचे हे उस्ताद ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे जावई. इंदूर व ग्वाल्हेर ह्या मराठी दरबारांशी त्यांचा निकट संबंध होता. त्यांच्या वादनावर प्रसन्न होऊन महाराजांनी “हवे ते मागा” म्हटले तेव्हा त्यांनी धनदौलत न मागता दरबारातील चुन्ना नावाची गायिका मागितली, ही आख्यायिका गवई मंडळी अजून चवीने सांगतात. आयुष्याच्या अखेरीस ते पुण्यास येऊन राहिले, १८९५ साली तेथेच वारले, आणि तेथेच त्यांची कबर आहे.

पुण्यात तो काळ केवढ्या गजबजीचा! त्याच वर्षी काँग्रेसचे अधिवेशन पुण्यास भरले. रंगभूमीवर किर्लोस्कर मंडळीच्या नाटकांनी मराठी मनाला गाण्याचे वेड लावलेले. त्या कोलाहलात एका वृद्ध बीनकाराचे बोट थांबले, ह्याची फारशा कोणी दखल घेतली असेल असे वाटत नाही. आणि एका अर्थाने बीनही महाराष्ट्रात त्यांच्याबरोबरच मावळू लागली. मुराद खाँसारखे त्यांचे नामांकित शिष्य होते. तथापि बीन वाजविणारांची संख्या उत्तरोत्तर घटतच गेली.

ह्यास कारणे दोन. पहिले वाद्याच्या प्रकृतीतले. बीनेचा आवाज दहा-वीस रसिकांच्या बैठकीस पुरे. नाटकगृहात वा मंडपात तो पोहोचत नाही. दरबार आटले, तिकीट काढून ऐकणारा श्रोता आला, आणि त्याला मागच्या बाकापर्यंत ऐकू येईल असे वाद्य हवे होते. ती गरज बाजाच्या पेटीने भागविली. मात्र पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे जे आहे ते तिला गाता येत नाही, म्हणजे मींड तेवढी बाहेर राहिली. दुसरे कारण माणसांच्या प्रकृतीतले. बीनकारांत अशी रीत सांगतात की, बीन शिकवावयाची ती पोटच्या मुलाला. बाहेरच्या शिष्याला सतार किंवा सूरबहार द्यावे. विद्या जपण्याच्या बुद्धीने ही कुंपणे घातली गेली हे मान्य केले तरी, मुलगा न निपजला किंवा निपजलेल्याला गोडी नसली म्हणजे कुंपणाच्या आत काही उरत नाही. आपल्या उस्तादांचे दोषही इतिहासलेखकाने सांगितलेच पाहिजेत. गुरुमुखी विद्येचे गोडवे गाताना गुरूचे मुख कित्येकदा बंदच राहिले, हे विसरून चालणार नाही.

इतके असूनही बंदे अली खाँची विद्या महाराष्ट्रात बुडाली नाही असे आमचे मत आहे. तिने केवळ घर बदलले. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) हे किर्लोस्कर मंडळीत बालनट असताना त्यांचे गाणे ऐकून बंदे अली खाँ प्रसन्न झाले व त्यांनी त्या मुलाला गंडा बांधला, अशी हकीकत आहे. एका बीनकाराने नाटकातल्या ब्राह्मण मुलाला शिष्य करावे, ही गोष्ट वर सांगितलेल्या रीतीशी ताडून पाहावी म्हणजे तिचे मोल कळेल. बुवांनी पुढे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ व अल्लादिया खाँ ह्यांच्याकडे विद्या घेतली, आणि त्यांच्या हाताखाली बालगंधर्व, मास्तर कृष्णराव ही मंडळी तयार झाली. तेव्हा बुवांच्या गाण्यातले कोणते सोने कोणत्या खाणीतले, हे निवडणे शक्य नाही. परंतु पहिला संस्कार बीनेचा होता.

ह्याहून ठळक उदाहरण अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) ह्यांचे. तेही किरान्याचे. स्वतः बीन वाजवीत. पुण्यास १९१३ साली त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले, पुढे मिरजेस स्थायिक झाले, आणि मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका आज कोणासही ऐकता येतात. त्या ऐकताना शब्दांकडे लक्ष न देता दोन स्वरांच्या मधला प्रवास ऐकावा. आवाज सुटतो, ताणला जातो, जेथे पोहोचावयाचे तेथे ठेच न लागता पोहोचतो आणि तेथे तंबोऱ्याच्या झंकारात मिसळतो. तार खेचणाऱ्या बोटाची ही चाल आहे; ती गळ्याने उचलली. ह्यावर कोणी म्हणेल की, किराना घराण्यात सारंगियेही पुष्कळ होते, तेव्हा हा सारंगीचा परिणाम का नसावा? आक्षेप रास्त आहे, आणि सारंगीचा वाटा आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच घराण्याचे दुसरे अध्वर्यू अब्दुल वहीद खाँ ह्यांचे गुरू हैदर बक्ष हे सारंगिये असून बंदे अली खाँचे शिष्य मानले जातात. म्हणजे सारंगीच्या वाटेनेही आपण पुन्हा बीनेशीच येऊन पोहोचतो. अब्दुल करीम खाँच्या शिष्य सवाई गंधर्वांकडून ही चाल गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी ह्यांच्याकडे आली; सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर ह्या करीम खाँच्या अपत्यांनी ती महाराष्ट्राच्या घरोघरी नेली. बीन कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या लाखो मराठी माणसांच्या कानांवर तिची मींड अशी पडली.

ह्याच काळात ही विद्या कागदावर बांधून ठेवण्याचे दोन थोर प्रयत्न महाराष्ट्रात झाले. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांनी, जे तरुणपणी स्वतः सतार शिकले होते, आपल्या क्रमिक पुस्तक मालिकेत शेकडो चिजा स्वरलिपीत उतरविल्या. त्यांच्या लिपीत मींड दाखविण्यास स्वरांच्या डोक्यावर एक कमान असते. कणस्वर लहान अक्षरात खांद्यावर बसतो. स्वर कंसात घातला तर तो वरच्या व खालच्या शेजाऱ्यांसह झपाट्याने घ्यावयाचा. दुसरीकडे सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि क्लेमंट्स साहेबांच्या सहकार्याने श्रुतींची पेटीही सिद्ध करविली. ह्या शोधात अब्दुल करीम खाँच्या गळ्याची त्यांना मदत झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत त्या पेटीवर मोठा वाद माजला, तो सर्वश्रुत आहे.

ह्या दोन्ही प्रयत्नांविषयी आम्हांस अत्यंत आदर आहे. भातखंड्यांनी ती पुस्तके लिहिली नसती तर आमच्यासारख्या आडबाजूच्या गावांत राग हा शब्दही परकाच राहिला असता. परंतु त्यांच्या कमानीकडे पुन्हा एकदा पाहावे. कोठून निघावे व कोठे पोहोचावे हे ती सांगते. वाटेत काय घडले हे ती सांगत नाही. देवलांची पेटी प्रत्येक मुक्कामाचे अंतर अचूक मोजते; परंतु प्रवास म्हणजे मुक्कामांची बेरीज नव्हे. कागदाने जे राखावयाचे ते राखले. उरलेले राखण्यास माणूसच हवा होता.

वाद्यावरची परंपराही सर्वस्वी तुटली नव्हती. बंदे अली खाँचे एक शिष्य सतारिये रहिमत खाँ धारवाडास जाऊन राहिले. त्यांनी सतारीच्या तारांची मांडणी बदलून तिच्यात खर्जाची भर घातली. म्हणजे बीनेचा खोल स्वर सतारीच्या पोटात आणला. १९५४ साली ते वारले. त्यांचे नातू बाळे खाँ व उस्मान खाँ ह्यांनी ती सतार अनुक्रमे धारवाडास व पुण्यास वाजती ठेवली. म्हणजे पुण्यात विझलेला दिवा धारवाडास लागला, आणि दोन पिढ्यांनी त्याचा उजेड पुन्हा पुण्यात आला.

स्वराला जसा हात लागतो तसे लाकूडही लागते. आणि त्यासाठी सारा देश मिरजेकडे पाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील फरीदसाहेब ह्यांनी, जे हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला. तेच त्यांचे वंशज पुढे सतारमेकर म्हणून प्रसिद्धीस आले. भोपळे येतात ते बहुतकरून पंढरपुराकडच्या भीमाकाठच्या मळ्यांतून. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरजेचा आणि आमच्या लातुराचा संबंध जुना. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ साली लातुरास आली, १९२७ साली तिचे दुसरे टोक मिरजेस पोहोचले. आणि रुंद रुळांच्या त्याच मार्गाने एप्रिल २०१६ मध्ये, लातूर तहानेने व्याकूळ असता, मिरजेहून पाण्याची गाडी आली होती.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर आम्ही माळ्यावरची आपली सतार खाली काढली. भोपळ्यास चीर गेली होती. तारा गंजल्या होत्या. ती घेऊन आम्ही मिरजेस गेलो. एका वृद्ध कारागिराने ती उलटसुलट करून पाहिली, भोपळा सांधण्याचे कबूल केले, आणि मग घोडीवर बोट ठेवून विचारले, “जवारी कशी ठेवू? खुली की बंद?”

वाचकांपैकी ज्यांना ह्याची माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा सपाट नसून किंचित उतरता असतो. तार कंप पावताना त्या उतारास पुनःपुन्हा स्पर्श करते व त्यातून ती विशिष्ट झणकार उठते, हीच जवारी. उतार एका प्रकारे घासला तर आवाज मोकळा, भणभणता येतो. दुसऱ्या प्रकारे घासला तर तो आटोपशीर, गोलाकार होतो. फरक केसाएवढा, परंतु ती निवड म्हणजे वादकाच्या स्वभावाची निवड होय.

आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. आमच्या मास्तरांची सतार खुली होती की बंद, हे आम्हांस आठवेना. त्यांची माडी आठवली, जिन्याची करकर आठवली, त्यांच्या डाव्या तर्जनीवरचा काळा घट्टा आठवला. तीन महिने ज्या एका झंकाराकडे कान लावून बसलो तो झंकार मात्र कानात नव्हता. जे त्यांनी दिले ते दुसरीकडे कोठेही नोंदलेले नाही. त्यांचा दुसरा शिष्य आमच्या माहितीत नाही. कारागीर शांतपणे थांबला होता. अखेर आम्ही म्हणालो, “तुम्हांला योग्य वाटेल तशी ठेवा.” गुरुमुखी विद्या कशी नष्ट होते ह्याची अनेक वर्णने आम्ही वाचली होती, ती आपल्याच हातून कशी नष्ट होते हे त्या दिवशी कळले.

परंतु इतिहास एवढ्यावर संपत नाही. गळ्यात जाऊन राहिलेली मींड पुढे पुन्हा वाद्यांवर उतरली, आणि तेही महाराष्ट्राच्याच भूमीवर. मैहरच्या अल्लाउद्दीन खाँच्या कन्या अन्नपूर्णा देवी (१९२७–२०१८) ह्यांनी लोकांसमोर वाजविणे सोडले, मुंबईच्या आपल्या घरात अनेक दशके एकांतवास पत्करला, परंतु शिकविणे सोडले नाही. त्यांचे वाद्य सूरबहार. शिष्य मात्र सतारिये, सरोदिये आणि हरिप्रसाद चौरसियांसारखे बासरीवादकही. त्या शिकवीत गाऊन. त्यांनी गळ्याने स्वरवाक्य म्हणावे आणि शिष्याने ते आपल्या वाद्यावर शोधावे. बोट कोठे ठेवावे हे गुरूने न सांगता स्वर कोठे पोहोचावा एवढेच सांगितल्यावर वाद्यावाद्यांतली कुंपणे आपोआप गळून पडतात. पनवेलजवळ पळस्पे येथे झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) ह्यांनी तर प्रत्यक्ष रुद्रवीणेचेच गुरुकुल उभारले. त्यांनी वीणेचे भोपळे व दांडी मोठी करविली, नखी टाकून दिली, आणि उघड्या बोटाने तार छेडू लागले. सोर व आग्वादो ह्यांचा पॅरिसमधला जुना प्रश्न पळस्प्यास असा नव्याने सुटला. त्यांनी देशी-परदेशी शिष्यांना, घराण्याबाहेरच्यांनाही, बीन दिली. त्यांचे आजोबा धृपदिये झाकिरुद्दीन खाँ हे बंदे अली खाँचे जावई होते असे सांगतात. ते खरे असेल तर पुण्यात विसावलेल्या त्या वृद्धाचे वाद्य चौथ्या पिढीत सह्याद्रीच्या पायथ्याशी परतले असे म्हणावयास हरकत नाही.

आणि ज्या वाद्यापासून आरंभ केला ती गिटार? जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) ह्यांनी ती आडवी मांडीवर घेतली, पडद्यांचा नाद सोडला आणि तारेवरून पोलादी कांडी फिरवून मींड काढली. गुरू केले ते सरोदिये अली अकबर खाँ ह्यांना. गुरूला गिटार वाजविता येत नव्हती, आणि शिष्याला त्याची गरज भासली नाही. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर व चौरसियांची बासरी ह्यांच्या जोडीला काब्रांची गिटार आहे. ऐकणाराला ती क्षणभरही परदेशी वाटत नाही. बोटांचे धडे त्या मुलाच्या मोबाइलवर हजारोंनी आहेत. काब्रांस जे मिळाले ते बोटांचे नव्हतेच.

मराठवाड्याच्या वाट्यास ह्या सर्वांतून काय आले? निजामी राज्यात १९४८ पर्यंत मराठी विद्येचीच आबाळ, तेथे संगीताची काय कथा? तथापि नांदेडास अण्णासाहेब गुंजकरांनी गाणे शिकविले, नाथराव नेरळकरांसारखा (१९३५–२०२१) गायक त्यांच्याकडे घडला. शंकरबापू आपेगावकरांनी वारकऱ्यांचा पखवाज देशभर गाजविला. गळा होता, कातडे होते. तार मात्र आमच्याकडे केवळ आधारासाठी राहिली, आणि तीही विणेकऱ्याच्या गळ्यात. सप्ताहात ती वीणा सात दिवस अहोरात्र खाली टेकवावयाची नाही असा दंडक आहे. एकाने थकावे, दुसऱ्याने उभ्याउभ्याच ती गळ्यात घ्यावी. तिच्यावर राग वाजत नाही, मींड निघत नाही. केवळ स्वर वाहता राहतो.

आम्ही सतार घेऊन परत आलो तेव्हा त्या मुलास बोलाविले. बोलता बोलता कळले की, त्याचे आजोबा गावच्या सप्ताहात विणेकरी असतात आणि लहानपणी तो त्यांच्या पायाशी कित्येक रात्री झोपलेला आहे. आम्ही म्हणालो, “गिटार महिनाभर बाजूला ठेव. वीणेचा तो स्वर आठव आणि त्यात आपला षड्ज मिळव. मिळाला म्हणजे तो तारेवर शोध.” त्याला हे फारसे रुचले नसावे, परंतु रविवारी तो येऊ लागला. आम्ही सतारीची तार छेडावी, त्याने गावे, असे चालले. पाचव्या की सहाव्या रविवारी त्याने गिटार उचलली, एक तार छेडली, किंचित खेचली, आणि ती जेथे पोहोचावयास हवी होती तेथे पोहोचून राहिली. सबंध वर्षात त्याच्या हातून असा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

तो हरखून म्हणाला, “सर, हा तुमच्या मास्तरांचा सूर का?”

त्याला होय म्हणणे सोपे होते. आम्ही खरे ते सांगितले. मास्तरांचा सूर आमच्यापाशी नाही. आम्ही तो सांभाळला नाही. हा त्याच्या आजोबांच्या वीणेजवळचा आहे, आणि पुढच्या सप्ताहात ती वीणा दोन प्रहर स्वतः गळ्यात घेऊन त्याने तो नीट ऐकून यावा.